काकांकडचे दोन शब्द

मावशीच्या कामाच्या खोलीत पहिल्यांदा येणारं माणूस दारातच थबकतं, कारण समोरच्या फळीवर डोकी मांडलेली असतात. लाकडी डोकी. काहींना भरपूर केस, काहींना निम्मे, काही अगदीच तुळतुळीत. मावशी विग बनवते. जाळीच्या भोकातून आकडी घालायची, एक केस ओढायचा, गाठ मारायची, पुढचं भोक. दिवसभर हेच. मी एकदा विचारलं होतं, “कंटाळा येत नाही?” तर म्हणाली, “तुला बडबडायचा येतो का?”

हे ती बोलायची टाचण्या ओठांच्या कोपऱ्यात धरून. त्यामुळे तिचा प्रत्येक ‘स’ शिट्टी मारत बाहेर पडायचा. “बस इथे, सरळ बस, हसू नकोस,” एवढं म्हणेपर्यंत खोलीत तीन-चार चिमण्या येऊन गेल्यासारखं वाटायचं. घरातल्या सगळ्यांचे आवाज मला काढता येतात. आईचा नाकातून, मामाचा पोटातून. मावशीच्या आवाजाला मात्र टाचणी लागते. टाचणीशिवाय तो नुसता कुठल्यातरी बाईचा आवाज होतो.

तिच्याकडे येणारी बरीचशी माणसं मागच्या जिन्यानं येतात. आजारपणात केस गेलेले, जन्मापासून नसलेले, नुसतेच विरळ झालेले. आपण इथे येतो हे कोणाला कळू नये, एवढंच त्यांचं मागणं असतं. मावशी त्यांचे फोटो काढते, पण ते आपल्यासारखे ‘हसा, हसा’ म्हणून काढलेले नसतात. केस ओले करून, कपाळाशी पट्टी धरून, अगदी जवळून. कपाळावरची कड कशी वळते, भोवरा कुठे आहे, कुठला केस कुठे झुकतो. केस गेले की हे परत कुठे बघायला मिळत नाही, म्हणून ज्यांना आधी कळतं ते आधी येऊन काढून ठेवतात.

पूर्वी हे फोटो मावशीच्या फोनमध्ये असायचे. फोनमधून ते आपोआप कुठेतरी जायचे, जसे सगळ्यांचे जातात. कुठे जातात हे आमच्या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं. मग एका रविवारी आम्ही सगळे मावशीकडे जेवायला बसलो होतो, टीव्ही कोपऱ्यात आपला आपण चालू होता, आणि त्यानं एकदम मंद संगीत लावून ‘तुमच्या सुंदर आठवणी’ दाखवायला सुरुवात केली. आधी मामाचं पोहणं. मग माझा पडलेला दात. मग एक बाई, भादरलेलं डोकं, मिटलेले डोळे. मामा म्हणाला, “अगं, ही तर आमच्या समोरच्या…”

मावशीनं उठून वायरच उपटली. जेवण तसंच राहिलं. त्या बाईला हे कधी कळलं नाही, पण मावशीच्या डोक्यात ते घर करून बसलं. मला तिचं तेव्हाचं वाक्य आठवतं, कारण तेव्हा तोंडात टाचणी नव्हती आणि तरी आवाज अणकुचीदार होता. “माझ्या घरात येऊन माझ्याच गिऱ्हाइकाचा फोटो मला दाखवणारा हा कोण?”

काका म्हणाले, “अगं, ते यंत्र आहे.”

“यंत्र कोणाच्या तरी घरात असतं ना? मग माझ्या घरात ठेवू.”

काका म्हणजे मावशीचे यजमान. तेव्हाचे. लिफ्ट दुरुस्त करतात. माणसं अडकली की ते वरून दोर सोडल्यासारख्या सपाट आवाजात बोलतात, “घाबरू नका, श्वास घ्या, मी आहे,” आणि माणसं खरंच श्वास घेतात. हाच माणूस सकाळी घरातून निघताना किल्ल्या विसरतो, चष्मा विसरतो आणि टेस्टर विसरतो.

मावशीनं कुठल्यातरी ऑफिसनं काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर आणला आणि कपाटावर, लाकडी डोक्यांच्या वर, नेऊन ठेवला. फोटो आता फोनऐवजी त्यात राहायला लागले. त्याचं नाव पडलं ‘थोरलं’. थोरलं डोकं. मग ती शिकायला बसली. इंटरनेटवर अशी यंत्रं पाळणाऱ्या लोकांचे कट्टे असतात, तिथे ती विचारायची. तिथल्या एकानं आधी तिला झिडकारलं, “आधी माहिती वाचा, मग विचारा.” तिनं ती खरंच सगळी वाचली आणि मग असा प्रश्न विचारला की तो गृहस्थ आठवडाभर गप्प झाला आणि नंतर “ताई” म्हणायला लागला.

सगळं ती आपल्या धंद्याच्या भाषेत लावून घ्यायची. फोटोंची दुसरी प्रत मामाच्या घरी एका डब्यात ठेवली, ती ‘जोडजाळी’. दर रविवारी थोरल्यावरच्या प्रोग्रॅमांच्या नव्या आवृत्त्या चढवायच्या, ती ‘अंघोळ’. “आज भेटता येणार नाही, थोरल्याची अंघोळ आहे,” असं ती पाहुण्यांना सांगायची आणि पाहुणे आईला हळूच विचारायचे की घरात कोणी आजारी आहे का. आमच्या सगळ्यांचे पासवर्ड एका कुलूपबंद पेटीत गेले, तीही थोरल्यावरच. आईचा सगळीकडे एकच पासवर्ड होता आणि तो माझं लाडाचं नाव होता, हे तेव्हा उघडकीला आलं. मावशी तिला म्हणाली, “ताई, हे म्हणजे पायपुसण्याखाली किल्ली ठेवून वर ‘किल्ली खाली आहे’ अशी पाटी लावण्यासारखं आहे.” आई दोन दिवस बोलली नाही तिच्याशी.

आता मुख्य किल्ली. थोरलं बंद पडून पुन्हा सुरू झालं की ते आधी एक लांबलचक परवलीचं वाक्य मागतं. ते दिल्याशिवाय आतलं काहीही वाचता येत नाही, चोराला नाही, मावशीलाही नाही. ते वाक्य तिनं फासे टाकून केलं, शब्दांच्या यादीतून जो पडेल तो. सहा शब्द, एकमेकांशी काही नातं नसलेले. ते तिनं तोंडपाठ केले. पण “उद्या मला काही झालं तर?” म्हणून त्यातले दोन आईला दिले, दोन मामाला, दोन काकांना. कुठेही लिहायचे नाहीत. आणि फोनवर कोणालाही सांगायचे नाहीत. कोणालाही म्हणजे कोणालाही.

“तुलासुद्धा?” मामानं विचारलं.

“मलासुद्धा. फोनवरचा आवाज म्हणजे मी नाही.”

“आणि चेहरा दिसला तर? व्हिडिओवर?”

मावशीनं फळीवरच्या एका डोक्यावरचा विग उचलून मामाच्या टकलावर ठेवला आणि आरसा धरला. मामानं विषय सोडला.

शब्द मुरले की नाही हे तपासायला तिनं मला कामाला लावलं. “फोन कर सगळ्यांना. माझा आवाज काढ. शब्द काढून दाखव.” माझ्या आयुष्यात कोणी माझ्या कलेची इतकी कदर केली नव्हती. मी तिचाच फोन घेतला आणि टाचणी तोंडात धरली. मामानं दुसऱ्याच वाक्याला शब्द देऊन टाकले, वर “तब्येत सांभाळ” म्हणाला. मावशीनं त्याच्यासाठी पुन्हा फासे टाकले आणि तो आठवडाभर मान खाली घालून फिरला. आईनं माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “झालं? आता खोली आवर.” काकांनी मात्र ताबडतोब सांगितले. “लिही. बादली, जिराफ.”

मी नाचत मावशीकडे गेले. ती इतकी हसली की टाचण्या पडल्या. “हे त्याचे शब्दच नाहीत. गंडवलं त्यानं तुला.”

पुढे मी काकांना आणखी कितीदा तरी फोन केला. डॉक्टर होऊन, मामा होऊन, खुद्द त्यांचे साहेब होऊन. दर वेळी बादली, जिराफ. त्यांना त्यात भारी मजा यायला लागली.

मध्यंतरी मावशी आणि काका वेगळे झाले. भांडण असं ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं असतं तर माझ्या कानांतून सुटलं नसतं. घर वेगळं झालं, भांडी वाटली गेली, आणि सहा शब्दांतले दोन तसेच काकांकडे राहिले. मला फार नवल वाटायचं. वाक्य बदलणं तिच्या हातात होतं. मी विचारलं तर आकडीवरून नजर न काढता म्हणाली, “तो विसरेल, पण सांगणार नाही कोणाला.” आणि पुढची गाठ मारली.

मग या वर्षी तिच्या घशाचं छोटं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रावर एक गाठ होती, ती काढली. “ही मात्र मी मारलेली नाही,” असं तिनं पाटीवर खडूनं लिहून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दोन आठवडे बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. आणि टाचण्या तोंडात धरणं कायमचं बंद.

या मौनातच तिच्या हातात एक काम होतं. गिऱ्हाईक होती, समजा, गाडी शिकवणारी बाई. तिचा खरा धंदा मावशीनं मला बदलायला लावलाय. दिवसभर अनोळखी माणसाशेजारी हातभर अंतरावर बसायचं असं काम. तिचे केस उपचारांत गेले होते. रजा संपत होती आणि सोमवारी कामावर परत जायचं होतं. आजाराचं तिनं कामावर कोणालाही सांगितलं नव्हतं, पाय मोडला म्हणून सांगितलं होतं. ती मावशीला म्हणाली होती, “कीव नको मला. शिकणारा मला घाबरला पाहिजे. कीव यायला लागली की घाबरत नाही, आणि घाबरला नाही की ब्रेक विसरतो.” तिचा विग मागून सगळा विणून झाला होता. राहिली होती कपाळावरची कड. सगळं सोंग त्याच कडेवर उभं असतं किंवा पडतं.

गुरुवारी दुपारी जिन्यातलं बटण बदलायला वायरमन आला आणि त्यानं न विचारता मेन बंद केला. थोरल्याची बॅटरी थोडा वेळ कुंथली आणि संपली. वीज परत आली, थोरलं उठलं आणि त्यानं वाक्य मागितलं.

मावशीनं टाइप केलं. चुकलं. पुन्हा केलं. चुकलं. मग ती हात मांडीवर ठेवून बसली. थोरलं इतकं नीट चाललं होतं, इतके दिवस कधीही बंद पडलं नव्हतं, की ते वाक्य तिला कधी लागलंच नव्हतं. स्वतःच्या कामाचा चोखपणा तिला नडला. मधले कुठलेतरी शब्द आत वितळून एक झाले होते.

“मामाकडची जोडजाळी?” मी विचारलं.

तिनं पाटीवर लिहिलं, “तीच किल्ली.”

“मग त्या बाईंचे स्वतःचे फोटो असतील की.”

त्या बाईंना विचारलं. त्यांच्या प्रत्येक फोटोत केस करकचून मागे बांधलेले आणि डोक्यावर गॉगल. फोनवर त्या म्हणाल्या, “सोमवारी नाही जमणार असं म्हणताय का?” त्यांच्या आवाजाची नक्कल मी कधीही करणार नाही. मावशीनं माझ्याकडे बघून जोरात मान हलवली, नाही नाही नाही, आणि मी सांगितलं, “जमेल म्हणतेय मावशी.”

ऑपरेशन झाल्यापासून आई मावशीकडेच होती. तिनं मावशीला मोरीत नेलं, नळ सोडला, मला बाहेर काढलं आणि कानात सांगितलं. मामाचं झेरॉक्सचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. मी मावशीतर्फे फोन केला तर म्हणाला, “एकदा फसलो, आता नाही फसत.” मग मावशी स्वतः जाऊन काउंटरपाशी उभी राहिली. मामानं तिचे केस हलकेच ओढून पाहिले. “तुझा काही नेम नाही,” म्हणाला, आणि मशीन चालू करून त्या घरघरीत दोन शब्द सांगितले.

राहिले काका. मी फोन लावला.

“काका, मी बोलतेय. मावशीला तुमचे दोन शब्द हवेत, खरंच हवेत.”

“वा. आज स्वतःच्याच आवाजात?”

“कारण मी मीच आहे.”

“छान जमलाय.”

“काका, मावशीला बोलता येत नाहीये, ऑपरेशन…”

“हे नवीन आहे. हे आवडलं मला. लिही, बादली…”

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बसनं त्यांच्याकडे गेलो.

काकांची खोली चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. दार उघडलं तेव्हा त्यांच्या एका हातात पुसायचं फडकं होतं. मावशीला बघून फडकं कुठे ठेवावं हेच ते विसरले. खोलीत एक खाट, एक टेबल, टेबलावर हत्यारं आकारानं लावलेली, खिडकीत एक रिकामी कुंडी. चष्मा डोक्यावर होता आणि त्यांची नजर टेबलावर चष्मा शोधत होती.

“बस,” ते म्हणाले. “खरंच बोलता येत नाही?”

मावशीनं गळ्याकडे बोट दाखवलं, मग पाटी पुढे केली. त्यांनी सगळं वाचलं. वायरमनबद्दल वाचून म्हणाले, “मेन? न विचारता?” आणि त्या वायरमनसाठी एक शब्द वापरला जो इथे नको. मग ते गंभीर झाले, मला म्हणाले, “तू तिकडे कुंडीशी उभी राहा,” आणि मावशीच्या कानाशी वाकले.

मला ऐकू आलं. “बादली, जिराफ.”

मावशीनं डोळे मिटले.

“काका,” मी कुंडीपासून म्हणाले, “ते खोटे आहेत. ते तुम्ही मला द्यायचा.”

“हो, बरोबर. खोटे ते. खरे म्हणजे…” ते सरळ उभे राहिले. तोंड उघडं राहिलं. “खरे म्हणजे…”

खोटे शब्द त्यांनी इतक्यांदा, इतक्या आनंदानं सांगितले होते की खऱ्यांच्या जागेवर तेच जाऊन बसले होते. ते खोलीत फिरले. टेबलावरचा पाना उचलून ठेवला. “घाबरू नका, श्वास घ्या,” असं स्वतःलाच त्या सपाट आवाजात म्हणाले. लिफ्टमधल्या माणसांना लागू पडतं ते त्यांना पडलं नाही. शेवटी खाटेवर बसले आणि मावशीला म्हणाले, “तुझं हे एकच राहिलं होतं माझ्याकडे. तेही मी…”

मावशीनं पाटी पुसली आणि एकच ओळ लिहिली, पण ती त्यांना न दाखवता मला दाखवली. “निघतानाचं म्हण.”

मला कळलं. लहानपणी मी सुट्टीत त्यांच्याकडे राहायचे तेव्हा रोज सकाळी दारात ते चालायचं. नुसत्या हाका, वर्षानुवर्षं त्याच क्रमानं, त्याच सुरात. काकांना शब्द दिले तेव्हा त्या हाकांच्या शेपटीला आणखी एक हाक लागली होती, एवढंच मला माहीत होतं. शेवटची हाक आली की मला आत पिटाळायचे, काकांचं उत्तर माझ्या कानी पडू नये म्हणून.

“टाचणी आहे?” मी विचारलं. काकांनी टेबलाच्या खणातून काढून दिली. ती मी ओठांच्या कोपऱ्यात धरली. मावशी माझ्याकडे बघत असताना मावशी व्हायचं, हे मी कधी केलं नव्हतं. काका दाराकडे तोंड करून उभे राहिले, हात कडीवर, निघाल्यासारखे.

“किल्ल्या?” मी म्हणाले.

“घेतल्या,” काका म्हणाले.

“चष्मा? सापडला का?” दोन चिमण्या उडाल्या.

“हा काय, डोक्यावर.”

“टेस्टर? सतरांदा सांगितलंय, सगळं संध्याकाळीच भरून ठेवत जा.”

“खिशात आहे गं.”

“आणि?”

“आणि…” काका म्हणाले, आणि त्यांचे खांदे एकदम खाली आले, ओझं उतरवल्यासारखे. ते वळले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मावशीजवळ गेले आणि कानात दोन शब्द सांगितले, आणि मावशीनं मान डोलावली, हो, हो, हेच.

मला ऐकू आले नाहीत. कान टवकारून उभी होते, लपवत नाही. मी आजही मधूनच विचार करते, कुठले असतील. दिवा? कासव? खिडकी? फाशांनी पडलेले शब्द, म्हणजे त्यांना काही अर्थ नाही. पण काका ते सांगताना ज्या सुरात बोलले असतील तो सूर मला हवा होता. आवाज माणसाच्या आत कुठे ठेवलेला असतो आणि दुसऱ्याच्या आवाजानं तो कसा उघडतो, हे थोरल्याच्या माहितीत कुठेच दिलेलं नाही. मी शोधलंय.

निघताना काकांनी मावशीला जिन्यापर्यंत सोडलं.

दुपारी थोरलं पहिल्याच वेळी उघडलं. मावशीनं त्या बाईंचे फोटो मोठे करून पडद्यावर लावले, आकडी घेतली, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्या कडेतला एकेक केस फोटोत झुकतो तसा झुकवला. डाव्या बाजूला एक छोटा आडमुठा झुपका होता, तोही सोडला नाही. रात्री बाई मागच्या जिन्यानं आल्या. आरशात बघितलं. त्यांचं बोट फक्त त्या झुपक्यावर गेलं आणि त्यांनी तो नेहमीच्या सवयीनं मागे सारला, आणि तो पुन्हा पुढे आला.

बुधवारी मी शाळेतून येताना सिग्नलला, समजा, एक शिकाऊ गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. आतून आवाज आला, “मागच्यांकडे काय बघतोस? ते काय उचलून नेणारेत गाडी? क्लच.” चाकावरचा मुलगा पांढराफटक पडला होता. तो बाईंना चांगलाच घाबरत होता. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि रस्ता ओलांडला.

मावशीनं लगेच नवं वाक्य केलं, पुन्हा फासे, पुन्हा सहा शब्द, आणि आता महिन्यातून एकदा ती थोरलं मुद्दाम बंद करून स्वतःच उघडते. काकांच्या वाटचे दोन शब्द आता कोणाला द्यायचे, यावर घरात चर्चा होईल असं आईला वाटलं होतं. झाली नाही.

डॉक्टरीणबाईंनी बोलायची परवानगी दिली तेव्हा पहिला फोन तिनं काकांना लावला. स्पीकरवर, कारण मी शेजारी बसून ऐकणार हे तिला माहीत होतं.

“मी बोलतेय,” ती म्हणाली. आवाज थोडा घोगरा, पण साफ. टाचण्या नाहीत, चिमण्या नाहीत. “नवे शब्द सांगायचे आहेत, येऊन जा संध्याकाळी.”

“आवाज बरा काढतेस,” काका म्हणाले, “पण टाचणी विसरलीस, पोरी. ठेव फोन.” आणि त्यांनीच ठेवला.

मावशीनं फोन खाली ठेवला, आकडी उचलली आणि कितीतरी वेळ हसत गाठी मारत राहिली.

“आता?” मी म्हणाले.

“आता काय,” ती म्हणाली. “चप्पल घाल. जाऊन यावं लागेल.”